औद्योगिक रेकॉर्डरवर अलार्म आणि मेमरी कार्ड कसं लावायचं: पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा पेपरलेस रेकॉर्डर (सेन्सरचे आकडे कागदाऐवजी पडद्यावर आणि मेमरीत नोंदवणारं यंत्र) लावला तेव्हा पडद्यावर आलेख छान सरकत होता. काम झालं असं समजून मी पॅनेलचं दार बंद केलं. पाच आठवड्यांनी भट्टीतल्या एका जुन्या बॅचचं तापमान दाखवायची वेळ आली. कार्ड काढून संगणकाला लावलं, तर त्यात सेटिंगची एक फाईल सोडून काहीच नव्हतं. रेकॉर्डरच्या आतल्या मेमरीत मागचे नऊ दिवस शिल्लक होते. त्याआधीच्या सगळ्या नोंदींवर नव्या नोंदी चढल्या होत्या आणि ती बॅच कायमची गेली.

आकडा पडद्यावर दिसतो, आतल्या मेमरीत साठतो आणि कार्डावर उतरतो. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचं सेटिंग वेगळ्या पानावर असतं. अलार्मचंही तसंच आहे. पडद्यावरचा आकडा लाल होतो, रिले (विजेवर चालणारा स्विच) चालतो आणि हूटरचा, म्हणजे भोंग्याचा, आवाज माणसाच्या कानावर पडतो. यातली एक पायरी जमली म्हणून पुढची जमलीच असं धरून चालू नका. खालचा क्रम त्यासाठीच आहे. मेनूमधली नावं प्रत्येक मॉडेलमध्ये थोडी वेगळी असतात, म्हणून मॅन्युअल शेजारी उघडं ठेवा.

सोबत काय हवं

- तुमच्या नेमक्या मॉडेलचं मॅन्युअल, शक्यतो रेकॉर्डरमधल्या फर्मवेअरच्या (आतल्या प्रोग्रॅमच्या) आवृत्तीचं
- प्रत्येक सेन्सरची माहिती: थर्मोकपलचा (तापमानानुसार मिलिव्होल्ट देणाऱ्या सेन्सरचा) प्रकार, आरटीडी (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) किती वायरचा, ट्रान्समीटरची (मोजलेला आकडा मिलिअँपिअरमध्ये पाठवणाऱ्या उपकरणाची) रेंज
- पॅनेलचं वायरिंग ड्रॉइंग
- मल्टिमीटर, आणि मिळाला तर चाचणीसाठी ठरलेले मिलिअँपिअर व मिलिव्होल्ट देणारा कॅलिब्रेटर
- एकाच जातीची दोन मेमरी कार्डं आणि कार्ड रीडर
- फाईल वाचण्यासाठी रेकॉर्डरसोबत येणारं सॉफ्टवेअर, संगणकावर आधीच घातलेलं
- सेटिंगचा पासवर्ड. तो कोणाकडे आहे हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

## १. आधी कागदावर तक्ता करा

बटणाला हात लावण्याआधी प्रत्येक चॅनलची एक ओळ लिहा: चॅनल क्रमांक, काय मोजतो, सेन्सर, रेंज, एकक, अलार्मचा प्रकार, अलार्मचा आकडा, रिले क्रमांक. शेवटच्या रकान्यात लिहा, ‘अलार्म वाजल्यावर ऑपरेटरने काय करायचं?’

हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो कोरा राहत असेल तर त्या चॅनलला हूटर जोडू नका, पडद्यावर रंग बदलला तरी पुरे. ज्या आवाजावर कोणी काही करायचं नसतं, तो आवाज माणसं चार दिवसांत ऐकणं सोडतात आणि मग त्याच हूटरचा खरा अलार्मही कानाआड होतो. अलार्म व्यवस्थापनावरच्या ईईएमयूए १९१ या मार्गदर्शिकेत प्लान्ट स्थिर चालू असताना एका ऑपरेटरकडे सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा कमी अलार्म यावेत, असं म्हटलंय. नवख्या माणसाला सगळ्या चॅनलवर वरचा आणि खालचा अलार्म लावून टाकावासा वाटतो. मीही तेच केलं होतं आणि नंतर त्यातले निम्मे काढले.

## २. घड्याळ लावा

तारीख, वेळ आणि टाइम झोन आधी लावा. रेकॉर्डर नेटवर्कवर असेल तर एसएनटीपीने (नेटवर्कवरून वेळ घेण्याच्या पद्धतीने) वेळ जुळवून घ्या. नसेल तर महिन्यातून एकदा हाताने तपासायची नोंद ठेवा. उन्हाळी वेळ बदलत नसेल तिथे ते सेटिंग बंद आहे याची खात्री करा. ते चुकून चालू राहिलं तर वर्षातून एक तास नोंदींत दोनदा येतो आणि एक तास गायब होतो. रेकॉर्डिंग चालू असताना घड्याळ एकदम पुढेमागे करू नका.

## ३. इनपुट आणि रेंज

हे अलार्मच्या आधी करायचं, कारण अनेक मॉडेलमध्ये रेंज किंवा इनपुटचा प्रकार बदलला की त्या चॅनलचे अलार्म आपोआप पुसले जातात. मागाहून रेंज दुरुस्त केलीत, तर अलार्मचं पान पुन्हा उघडून बघा.

४ ते २० मिलिअँपिअरच्या लूपमध्ये, म्हणजे ट्रान्समीटर ते रेकॉर्डर या प्रवाहाच्या सर्किटमध्ये, दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिलं म्हणजे रेझिस्टर. बरेच रेकॉर्डर खरं तर व्होल्ट मोजतात, त्यामुळे टर्मिनलवर २५० ओहमचा अचूक रेझिस्टर लावून १ ते ५ व्होल्ट करून घ्यावे लागतात. दुसरं, ट्रान्समीटरची रेंज आणि रेकॉर्डरचं स्केल सारखं हवं. ट्रान्समीटर ० ते २५० अंशांचा आणि रेकॉर्डरवर ० ते २०० भरलेलं असेल, तर १२ मिलिअँपिअरला खरं तापमान १२५ असताना पडदा १०० दाखवतो. आकडा पटण्यासारखा असतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. अलार्म मात्र २५ अंश उशिरा वाजतो.

थर्मोकपलसाठी ‘बर्नआउट’ हे सेटिंग शोधा. तार तुटली की आकडा वर न्यायचा की खाली, हे तिथे ठरतं. भट्टीला आणि शीतगृहाला दोन्हीकडे मी वर नेणं निवडतो, कारण दोन्ही ठिकाणी जास्त तापमानाचाच धोका असतो आणि तुटलेली तार त्याच अलार्ममधून कळते. लूपची तार तुटली तर प्रवाह शून्य होतो आणि आकडा स्केलच्या २५ टक्के खाली जातो. म्हणजे ० ते २०० च्या स्केलवर उणे ५० दिसतं. असा आकडा दिसला तर आधी टर्मिनलचे स्क्रू बघा. नामुर एनई ४३ ही शिफारस पाळणारे ट्रान्समीटर बिघाड झाला की ३.६ मिलिअँपिअर किंवा त्याखाली, नाहीतर २१ किंवा त्यावर जातात. प्रक्रियेचा खरा आकडा आणि सेन्सरचा बिघाड त्यामुळे वेगळे ओळखता येतात.

## ४. अलार्मचा प्रकार आणि आकडा

एका चॅनलला साधारण चार अलार्म लावता येतात. नेहमी लागणारे प्रकार असे:

- वरचा आणि खालचा: आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली गेला की.
- फरकाचा: दोन चॅनलमधलं अंतर वाढलं की. गाळणीच्या आधीचा आणि नंतरचा दाब यासाठी फार उपयोगी.
- बदलाच्या वेगाचा: आकडा ठरलेल्या वेळेत ठरल्यापेक्षा जास्त हलला की. हा लावताना जपा. सेन्सरच्या सिग्नलमध्ये थोडा जरी नॉइज (विनाकारण थरथर) असेल तर तो दिवसभर वाजतो.
- विलंबाचा: मर्यादा ओलांडून ठरावीक वेळ आकडा तिथेच राहिला तरच.

मर्यादा ठरवताना माणसाला पोचायला आणि काही करायला किती वेळ लागतो ते मोजा. भट्टी मिनिटाला ४ अंश चढत असेल, माल ९०० ला खराब होत असेल आणि ऑपरेटरला येऊन बर्नर कमी करायला पाच मिनिटं लागत असतील, तर अलार्म ८८० च्या आतच हवा. थोडी गादी ठेवून मी ८७० ठेवेन. ८९५ ला वाजलेला अलार्म फक्त नुकसानीची वेळ नोंदवतो.

## ५. हिस्टेरिसिस आणि विलंब

हा भाग घाईत सोडू नका. माझ्या ओळखीच्या एका विभागात वरचा अलार्म नेमका भट्टीच्या नेहमीच्या तापमानाच्या काठावर होता आणि हिस्टेरिसिस शून्य. आकडा अर्ध्या अंशाने वरखाली झाला की हूटर सुरू, बंद, सुरू, बंद. रात्रपाळीतल्या कोणीतरी कंटाळून हूटरची तार काढली. तीन दिवसांनी तापमान खरंच वर गेलं, पडदा लाल झाला आणि कोणालाही कळलं नाही. तार काढणाऱ्या माणसावर मला तेव्हा राग आला नाही आणि आजही येत नाही. तो अलार्मच चुकीचा लावलेला होता.

हिस्टेरिसिस म्हणजे अलार्म लागण्याचा आणि सुटण्याचा आकडा यांत ठेवलेलं अंतर. वरचा अलार्म ८७० आणि हिस्टेरिसिस ५ असेल, तर तो ८७० ला लागतो आणि आकडा ८६५ च्या खाली आल्यावरच सुटतो. खालच्या अलार्मला हेच उलट. किती ठेवायचं ते ठरवण्यासाठी एक तासाचा आलेख बघा. सगळं ठीक चालू असताना आकडा जितका हलतो, त्याच्या दुपटीपासून सुरुवात करा.

विलंब म्हणजे मर्यादा ओलांडल्यावर किती सेकंद थांबून अलार्म द्यायचा. शीतगृहाचं दार उघडल्यावर हवेचं तापमान काही वेळ चढतंच, तिथे काही मिनिटांचा विलंब योग्य आहे. दाबासारख्या झटक्यात बदलणाऱ्या गोष्टीला मोठा विलंब लावू नका. काही रेकॉर्डरमध्ये विलंबाचा काळ सगळ्या चॅनलसाठी एकच असतो, काहींत प्रत्येकाचा वेगळा. हे मॅन्युअलमध्ये बघूनच भरा.

शेवटचा पर्याय ‘होल्ड’ किंवा ‘लॅच’. तो चालू असला की आकडा पूर्ववत झाला तरी कोणी येऊन अ‍ॅक्नॉलेज करेपर्यंत (अलार्म बघितल्याचं बटण दाबेपर्यंत) अलार्मची खूण तशीच राहते. रात्री तीनला दोन मिनिटांसाठी काही घडून गेलं तर सकाळी ते दिसायला हवं, म्हणून महत्त्वाच्या चॅनलवर मी लॅच ठेवतोच.

## ६. रिले आणि हूटर

आधी सावधगिरी. रेकॉर्डरचा पुरवठा बंद केला तरी रिलेच्या टर्मिनलवर बाहेरून आलेला हूटरचा किंवा कॉन्टॅक्टरचा (मोठा भार चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) पुरवठा जिवंत असू शकतो. मल्टिमीटर लावल्याशिवाय तिथे बोट लावू नका.

रिलेला दोन पद्धतींनी चालवता येतं. एकात अलार्म आला की रिलेच्या कॉइलला (तो ओढणाऱ्या गुंडाळीला) वीज मिळते. दुसऱ्यात एरवी वीज असते आणि अलार्म आला की ती जाते. दुसरी पद्धत निवडा. रेकॉर्डर बंद पडला, फ्यूज उडाला किंवा पुरवठ्याची तार सुटली तरी रिले सुटतो आणि हूटर वाजतो. पहिल्या पद्धतीत बंद पडलेला रेकॉर्डर आणि सगळं ठीक असलेला रेकॉर्डर बाहेरून सारखेच गप्प असतात. हूटरचा पुरवठा मात्र रेकॉर्डरच्या पुरवठ्यापासून वेगळा घ्या. एकाच ब्रेकरवर दोन्ही असतील तर ब्रेकर पडल्यावर वाजणार कोण?

एका रिलेला अनेक अलार्म जोडणार असाल तर ‘अँड’ आणि ‘ऑर’ नीट बघा. ‘अँड’ राहून गेलं तर सगळे अलार्म एकदम आल्याशिवाय रिले हलणार नाही. ‘रीफ्लॅश’ असेल तर तोही चालू करा. पहिला अलार्म अजून लागलेला असताना दुसरा आला, तर रिले क्षणभर सुटून पुन्हा लागतो आणि नव्या अलार्मची जाणीव होते.

रिलेच्या कॉन्टॅक्टची क्षमता छोटी असते. मोठा कॉन्टॅक्टर किंवा सोलेनॉइड (व्हॉल्व्ह वगैरे ओढणारं विजेचं चुंबक) थेट जोडू नका, मध्ये एक सहायक रिले घाला. त्याच्या कॉइलवर एसी असेल तर आरसी स्नबर (रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी), डीसी असेल तर उलटा डायोड लावा. नाहीतर प्रत्येक वेळी ठिणगी पडते, कॉन्टॅक्ट जळतात आणि आलेखावर नसलेले काटे उमटतात.

आणखी एक. रेकॉर्डरचा रिले हे सुरक्षेचं अंतिम साधन नाही. अति तापमानाला हीटर किंवा बर्नर तोडणारं वेगळं उपकरण, त्याच्या वेगळ्या सेन्सरसह, असायलाच हवं.

## ७. किती वेगाने नोंदवायचं

जाड नळीत बसवलेला थर्मोकपल मुळातच हळू हलतो. तिथे दर सेकंदाला नोंद घेऊन फक्त मेमरी भरते, १० सेकंद पुरतात. दाबाला १ सेकंद ठेवा आणि त्या काळातला किमान व कमाल आकडा नोंदवायचा पर्याय असेल तर तो घ्या, म्हणजे मधला झटका निसटत नाही.

जागेचा हिशेब सोपा आहे. १२ चॅनल, दर सेकंदाला एक नोंद, प्रत्येक आकड्याला ४ बाइट धरले तर दिवसाला १२ × ४ × ८६,४०० म्हणजे ४१,४७,२०० बाइट, सुमारे ४.१ एमबी. किमान आणि कमाल दोन्ही नोंदवले तर दुप्पट, म्हणजे वर्षाला साधारण ३ जीबी. एका आकड्याला किती बाइट लागतात ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तो आकडा घालून तुमचा हिशेब करा. हाच हिशेब आतल्या मेमरीसाठीही करा. ती किती दिवसांत भरते, तितकेच दिवस तुम्ही कार्डाशिवाय काढू शकता. मी हे गणित केलं असतं तर नऊ दिवसांचा आकडा मला पहिल्याच दिवशी कळला असता.

## ८. कार्ड निवडणं आणि फॉरमॅट करणं

मोठं कार्ड म्हणजे चांगलं कार्ड असं समजू नका. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट होतात. त्यावरची एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅट वापरतात आणि बरेच रेकॉर्डर ती ओळखतच नाहीत. जुन्या रेकॉर्डरमध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश असतं, किंवा २ जीबीपर्यंतचंच एसडी चालतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या आतलं कार्ड घ्या.

पॅनेलच्या आत खोलीपेक्षा बरंच जास्त तापमान असतं, म्हणून औद्योगिक दर्जाचं कार्ड घ्या. त्यांतली बरीचशी उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालतात. बनावट कार्डांपासूनही सांभाळा. त्यांवर लिहिलेली क्षमता खोटी असते आणि खरी जागा संपली की पुढचं सगळं निमूट हरवतं. नवीन कार्ड संगणकावर पूर्ण भरून, परत वाचून मगच रेकॉर्डरला लावा.

मग रेकॉर्डरच्या मेनूतूनच कार्ड फॉरमॅट करा. संगणकावर केलेलं फॉरमॅट कधी चालतं, कधी अर्ध्यावर दगा देतं. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, म्हणून आधी कार्ड रिकामं आहे ना ते बघा. एसडी कार्डाच्या कडेची छोटी लॉकची कळ उघडी आहे ना हेही बघा. कार्ड घालताना ती सरकते आणि मग तासभर चूक सापडत नाही.

## ९. कार्डावर आपोआप उतरवणं

माझी पहिली चूक याच पानावर झाली होती. ‘ऑटो सेव्ह’ आणि ‘मॅन्युअल सेव्ह’ असे दोन पर्याय असतात. ऑटो निवडा. त्यानंतर तीन गोष्टी ठरवायच्या.

पहिली, फाईल किती काळाची. मी एक दिवसाची किंवा एका बॅचची ठेवतो. फाईल लिहिताना वीज गेली तर नुकसान त्या एकाच फाईलचं होतं. अगदी छोट्या फाईलही करू नका. जुन्या फॅट १६ कार्डांवर मुख्य डिरेक्टरीत साधारण ५१२ च नोंदी मावतात. जागा शिल्लक असूनही कार्ड भरल्याचा संदेश येतो, तो बऱ्याचदा यामुळे. नोंदींसाठी वेगळा फोल्डर द्या.

दुसरी, कार्ड भरल्यावर काय. थांबायचं की सर्वांत जुनी फाईल पुसून पुढे जायचं? नोंदी ठरावीक वर्षं जपण्याचं बंधन असेल तिथे थांबणं निवडा आणि जागा कमी झाल्याचा अलार्म एका रिलेला जोडा. बाकी ठिकाणी जुनं पुसणं चालेल, पण त्याआधी नक्कल संगणकावर गेलेली हवी.

तिसरी, फाईलचा प्रकार. रेकॉर्डरच्या स्वतःच्या बायनरी फाईलमध्ये (जी त्याच्या सॉफ्टवेअरनेच वाचता येते) गुपचूप फेरफार करणं अवघड असतं, सीएसव्ही (स्वल्पविरामाने आकडे वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल) कुठेही उघडते पण जागा जास्त खाते. सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघडून तशीच सेव्ह केली तर तारखांचा आणि दशांशांचा घोळ होऊ शकतो, म्हणून मूळ फाईल अलग ठेवून नकलेवर काम करा.

## १०. सेटिंग सेव्ह करा, दोन ठिकाणी

काही रेकॉर्डर सेटिंग बदललं तरी शेवटच्या ‘सेव्ह’ला ‘होय’ म्हणेपर्यंत ते लागू करत नाहीत. ते करा, मेनूतून बाहेर या, पुन्हा आत जाऊन दोन आकडे वाचा. मग सेटिंगची फाईल दुसऱ्या कार्डावर उतरवून संगणकावर तारखेसकट ठेवा. रेकॉर्डर बदलायची वेळ आली तर तासांचं काम मिनिटांत होतं.

## ११. खरी चाचणी

प्रक्रिया बंद असताना, शिफ्ट इनचार्जला सांगून हे करा.

इनपुटला खरा सिग्नल द्या. ० ते २०० च्या लूपला १६ मिलिअँपिअर दिले की १५० दिसायला हवं. पीटी १०० आरटीडीऐवजी १३८.५ ओहमचा रेझिस्टर लावला की १०० अंश. थर्मोकपलच्या टर्मिनलवर तांब्याच्या तारेने शॉर्ट केलं की टर्मिनलजवळचं, म्हणजे जवळपास पॅनेलच्या आतलं, तापमान दिसतं. कॅलिब्रेटर नसताना ही शेवटची युक्ती मला अनेकदा उपयोगी पडली आहे.

आता सिग्नल हळूहळू वाढवत अलार्मच्या पलीकडे न्या. अलार्म कितीला लागला आणि खाली येताना कितीला सुटला, दोन्ही आकडे तक्त्यात लिहा. त्या वेळी एक माणूस ऑपरेटर जिथे बसतो तिथे उभा करा, आजूबाजूची मशीन चालू असतानाच्या आवाजात हूटर ऐकू येतो का ते त्यानेच सांगायचं. नुसता अलार्मचा आकडा खाली आणून हूटर वाजवणं ही अर्धी चाचणी आहे, त्यात सेन्सरची बाजू तपासली जात नाही.

मग सेन्सरची एक तार सोडा. नंतर रेकॉर्डरचा ब्रेकर पाडा, हूटर वाजलाच पाहिजे. वीज परत दिल्यावर रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं का ते बघा. काही रेकॉर्डर स्टार्टचं बटण दाबेपर्यंत वाट बघत बसतात.

## १२. कार्ड काढणं आणि पहिला आठवडा

कार्ड नेहमी मेनूतून ‘काढा’ असं सांगून, कार्डावर लिहिणं-वाचणं चालू असल्याचं दाखवणारा दिवा विझल्यावर काढा. दोन कार्डांवर ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. एक बाहेर आलं की दुसरं लगेच आत गेलं पाहिजे. पॅनेलच्या दारावर आतून एक कागद चिकटवा: कार्ड कधी बदललं, कोणी बदललं, फाईल वाचून बघितली का. रात्रपाळीच्या ऑपरेटरला फक्त दोन गोष्टी शिकवा, अ‍ॅक्नॉलेजचं बटण आणि अलार्मची यादी उघडणं. त्याच्याकडून ते प्रत्यक्ष करून घ्या.

आठव्या दिवशी पहिलं कार्ड संगणकावर उघडा. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीची वेळ बघा, मधे खंड आहे का ते बघा, आणि चाचणीच्या दिवशी तुम्ही मुद्दाम चढवलेला तो उंचवटा शोधा. तुमच्या तक्त्यात लिहिलेल्या वेळेला आणि त्याच आकड्याला तो सापडला, तर पॅनेलचं दार बंद करायला हरकत नाही.